चार मीटर दहाचा पूल

नवा माणूस माझ्या गाडीत चढला की पहिले तीन दिवस मी त्याला रडवतो. त्यात मला मजा येते, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. एकोणतीस वर्षं मी लिथुआनियातून पार स्पेनपर्यंत चाळीस टनांची गाडी हाकतोय आणि एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. शौल्यायला आमच्या कंपनीच्या ऑफिसात भिंतीवर माझा फोटो आहे, खाली लिहिलंय ‘एकही अपघात नाही’. म्हणून तर नवशिके माझ्या गळ्यात मारतात. त्यांनी तीन आठवडे माझ्याबरोबर हिंडायचं. मग मी फोनवरून एक फॉर्म भरून पाठवतो: हा माणूस गाडी हातात द्यायच्या लायकीचा आहे, किंवा नाही.

मार्चमध्ये एसेनबेक आला. किर्गीझ, उझगेन गावचा, सत्तेचाळीस वर्षांचा, बुटका आणि रुंद. पहिल्याच दिवशी त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि रशियनमध्ये म्हणाला, “रिमगाउदास बाइके, तुम्ही सांगाल तसं.” बाइके म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ. मी म्हटलं, “भाऊबिऊ काही नाही. बूट काढ आधी. गाडीत बूट घालून चढायचं नाही, घर आहे ते माझं.”

त्याचं सगळं त्या फॉर्मवर अवलंबून होतं आणि ते त्यानं लपवलंही नाही. त्याचा इथे राहून काम करायचा परवाना आमच्या कंपनीच्या नावावर. मी ‘नाही’ लिहिलं की कंपनी हात वर करणार आणि त्याला गाशा गुंडाळून घरी जावं लागणार. घरी एकच काम: चौदा वर्षं केलं तेच, तो-आशू नावाच्या घाटातून बिश्केकला धान्याचा ट्रक न्यायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच घाटात त्याच्या धाकट्या भावाचा ट्रक बर्फासकट दरीत गेला. तेव्हा बायकोनं, गुलसारानं, त्याला भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की पुन्हा त्या घाटात गाडी घालणार नाही.

“भाकरीवर घेतलेली शपथ मोडली तर काय होतं रे?” मी विचारलं.

“मोडत नाही बाइके कोणी.”

“पण मोडली तर?”

त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. मला बरं वाटलं.

पोलंड ओलांडेपर्यंत मी त्याच्या डोक्यात एवढं कोंबलं की दुसरा असता तर पळून गेला असता. गाडीतून उतरताना आधी पिवळं जाकीट, मग पाय. जाकीट न घालता खाली उतरलास तर फ्रेंच पोलीस आधी दंड करतात, मग नमस्कार. थांबायची जागा दुपारी चारच्या आत धरायची. पाचला येणाऱ्याला मुतारीच्या दारातसुद्धा जागा मिळत नाही. ट्रेलर रिकामा असेल तर मागची दारं उघडी टाकून झोपायचं, म्हणजे चोराला आत काही नाही हे दिसतं आणि तो बाजूचा ताडपत्रीचा पडदा फाडत नाही. भरलेला असेल तर मागची बाजू भिंतीला चिकटवून लावायची. बार्सेलोनाच्या अलीकडे कोणी मोटारवाला शेजारून येऊन ‘तुझं चाक गेलं’ अशा खुणा करू लागला तर हसून हात हलवायचा आणि तसंच पुढे जायचं. चाक खरंच गेलं असेल तर ते तुझं तुला कळेल. मालाचे नग स्वतः मोजले नसतील तर सही करायच्या आधी कागदावर तसं लिहायचं, मग गोदामवाला कितीही डोळे वटारू दे.

हे सगळं तो एका शाळकरी वहीत उतरवून घ्यायचा. आणि वाईट म्हणजे त्याच्या सगळं लक्षात राहायचं.

सगळ्यात मोठा धडा यंत्राचा. प्रत्येक गाडीत टॅकोग्राफ असतो. ड्रायव्हरनं आपलं कार्ड त्यात घालायचं. मग तो किती चालवतो, कधी थांबतो, किती झोपतो, सगळं त्यात नोंदलं जातं. दोघे असले की पहिल्या खाचेत चालवणाऱ्याचं कार्ड, दुसऱ्या खाचेत शेजारी बसलेल्याचं. पंधरवड्यात नव्वद तास, त्यावर एक मिनिट नाही.

“पोलीस तुला विचारत नाही,” मी त्याला सांगितलं. “तो यंत्राला विचारतो. यंत्र म्हणेल तू झोपला होतास, तर तू झोपला होतास.”

“आणि यंत्र चुकलं तर?”

“तर तू चुकलास.”

हे त्यानं वहीत लिहिलं नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं.

खरं सांगायचं तर मला तो सहन होत नव्हता. जर्मनीत हार्त्सच्या डोंगरात अवेळी बर्फ लागला. मी ब्रेकशी झटापट करत होतो आणि हा शेजारी बसून हळू आवाजात म्हणाला, “बाइके, ब्रेक सोडा. इंजिनावर उतरू द्या.” मी सोडला. गाडी लोण्यासारखी उतरली. खाली आल्यावर माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी गाडी कडेला घेऊन त्याला नियम घालून दिला: मी स्टिअरिंगवर असताना तोंड उघडायचं नाही. काही दिसलं, काही आठवलं, गाडीला आग लागली, तरी मी थांबेपर्यंत तोंडात मिठाची गुळणी.

“आग लागली तरी?” तो हसला.

“एसेनबेक, मी थट्टा करतोय असं वाटतं तुला? फॉर्म कोण भरणार आहे?”

त्याचं हसू गेलं. त्यानंतर पंधरा दिवस मी स्टिअरिंगवर असताना त्याचा शब्द ऐकला नाही. कधी मुद्दाम वळण चुकवून बघायचो, बोलतो का. नाही बोलायचा. मांडीवरची बोटं तेवढी हलायची.

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी फ्रान्समध्ये, ऑर्लेआँच्या खाली एका छोट्या गावातल्या गोदामात आम्ही कपाटांच्या फळ्या उतरवल्या. मी त्या गोदामात अकरा वर्षं जातोय. तिथला फलाट उंच आहे, म्हणून माल काढताना ट्रेलर वर उचलावा लागतो. ट्रेलरच्या चाकांवर हवेचे फुगे असतात. मागच्या चाकाजवळची दांडी फिरवली की फुगे भरतात आणि सगळा ट्रेलर वीतभर वर येतो. काम झालं की दांडी परत मधल्या खुणेवर आणायची. नव्या ट्रेलरला गाडी चालू लागली की उंची आपोआप बसते. आमचा जुना होता. त्याला माणसानंच खाली आणावं लागायचं.

एसेनबेकच्या घरच्या कामाझ ट्रकला असलं काही नव्हतं, नुसते लोखंडी पाटे. त्यामुळे त्या दांडीचं त्याला भारी अप्रूप. प्रत्येक फलाटावरून निघताना जाऊन हात लावून यायचा. मी चिडवायचो, “देवाला नमस्कार करून आलास?”

त्या दिवशी दांडी मी फिरवली होती. हा गाडी मागे घेताना पाच वेळा पुढे-मागे करत बसला, म्हणून मी ओरडत उतरलो आणि सगळं स्वतः केलं. माल निघाल्यावर गोदामवाल्याशी दोन फुटक्या फळ्यांवरून माझी खडाजंगी झाली. दीड वाजून गेला होता. चारच्या आत मला महामार्गावरचा तो थांबा गाठायचा होता जिथे अंघोळीला गरम पाणी असतं. माझे नव्वद तास सकाळीच संपले होते. यंत्रात पहिल्या खाचेत एसेनबेकचं कार्ड होतं आणि गाडी त्यानं चालवायची होती.

पण ते गाव अरुंद. गल्ल्या, वळणं, बाजार, आणि हा मुंगीच्या पावलानं जाणार. माझं डोकं फिरलं.

“सरक,” मी म्हटलं.

“बाइके, तुमचे तास...”

“कार्ड तुझंच राहू दे. गावाबाहेर पडेपर्यंत मी घेतो. दहा मिनिटांचं काम.”

तो शेजारच्या सीटवर गेला. मी चढलो, दार लावलं, गाडी काढली. फाटकातून बाहेर पडताना त्यानं उजव्या आरशात मागे बघितलं. मग माझ्याकडे. तोंड उघडलं.

“बाइके, मागची...”

“नियम काय आहे?”

तो थांबला. पुन्हा आरशात बघितलं. हात वर केला, शाळेत पोरं करतात तसा. मी तो हात बघितला. देवाशप्पथ बघितला. आणि मला वाटलं, हा शेवटचा आठवडा आहे, बघू या किती वेळ धरतो.

बाजार ओलांडला की रेल्वेचा पूल लागतो. त्यावर पाटी आहे, चार मीटर दहा. आमचा ट्रेलर चार मीटरचा. अकरा वर्षं मी त्याच्याखालून जातोय, पाटीकडे बघतसुद्धा नाही.

आवाज आधी आला. मग मागून कुणीतरी खेचल्यासारखी गाडी अडकली, आणि आरशात ट्रेलरचं छप्पर डब्याचं झाकण उलटं गुंडाळावं तसं मागे जाताना दिसलं. पुलावरून विटांचा चुरा पडला. लांब कुठेतरी आगगाडीची शिट्टी झाली आणि मग थांबलीच. वरून जाणारी आगगाडी त्यांनी पुलाच्या अलीकडेच रोखली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

मी स्टिअरिंग धरून बसलो. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. नवशिक्याची चूक. पहिल्या वर्षाची पोरं करतात ती. आणि यंत्रात दुसऱ्याचं कार्ड. यंत्राला फसवलं म्हणून माझा परवाना जाणार, भिंतीवरचा फोटो जाणार, आणि शौल्यायच्या थांब्यावर सगळे कॉफी पिता पिता हसणार: रिमगाउदास पुलात अडकला. खरं सांगतो, परवान्यापेक्षा मला त्या हसण्याची जास्त भीती वाटली.

“इकडे बस,” मी म्हटलं.

“काय?”

“माझ्या सीटवर बस. लवकर. कार्ड तुझं आहे. मी चालवत होतो म्हणून सांगितलं तर खोट्या कार्डासाठी दोघंही आत. तू कार्ड दिलंस, मी घेतलं. तुझा परवाना आजच रद्द होईल, कळतंय का? आणि तू चालवत होतास म्हटलं तर काय? नवशिका आहेस. नवशिक्याची पहिली धडक कंपनी माफ करते.”

यातलं शेवटचं वाक्य मी जागच्या जागी रचलं होतं.

तो बघत राहिला. “फॉर्म?”

“चांगला भरतो. माझ्या आईची शपथ.”

माझी आई वारून बावीस वर्षं झाली.

तो माझ्या सीटवर आला. सीट माझ्या उंचीला लावलेली, त्याचे पाय ब्रेकपर्यंत नीट पोचतही नव्हते. पोलिसानं वर चढून हे बघितलं असतं तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. पण तो खालीच उभा राहिला, यंत्रातली कागदाची पट्टी एसेनबेककडून मागून घेतली, नाव वाचलं, आणि एसेनबेकला नळीत फुंकायला सांगितलं. समोरच्या बेकरीतली बाई एप्रन पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे बोट दाखवून तावातावानं काहीतरी बोलू लागली. तिनं मला उजवीकडून नाही, डावीकडून, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूनं उतरताना बघितलं असणार. पोलिसानं तिचं ऐकून घेतलं, हातातली पट्टी तिला दाखवली आणि खांदे उडवले. मग एसेनबेकला खुणेनं विचारलं: तू?

“मी,” एसेनबेक म्हणाला. फ्रेंचमध्ये. हा शब्द मीच त्याला शिकवला होता, कँटीनमध्ये आपला नंबर आला की म्हणायला.

मागच्या चाकाजवळ जाऊन पोलिसांनी दांडीचा फोटो काढला. वरच्या खुणेवरच होती. एसेनबेक तिथे उभा राहून त्या दांडीकडे बघत होता. माझ्याकडे नाही.

शनिवारी आम्ही त्याच गावाबाहेरच्या मैदानात अडकून पडलो, फाटक्या ट्रेलरसह. सकाळी झिविलेचा फोन आला. ही आमची ऑफिसातली बाई, बिनकामाचं एक वाक्य बोलत नाही.

“काय झालं, रिमगाउदास?”

“माणूस नवा आहे. दांडी विसरला.”

“तुम्ही काय करत होता?”

“कागद बघत होतो. गल्लीत होतो, वाटलं तेवढं तरी जमेल त्याला.”

“रेल्वेवाल्यांचं पत्र आलंय. मालक चिडलेत. ठेवायचा का नाही, तुमचं मत त्यांना आजच हवंय. तुम्ही ठेवा म्हणालात तर ठेवतील. तुमचा शब्द आहे.”

म्हणजे सगळं माझ्याच हातात होतं. मी ‘ठेवा’ म्हणालो असतो तर तो राहिला असता. हे मी उगाच स्वतःला दूषण द्यायला सांगत नाही, तसंच होतं ते.

तिकडे एसेनबेकनं ट्रेलरच्या बाजूची पेटी उघडून गॅसची शेगडी मांडली. गाजरं चिरली, घरून आणलेला उझगेनचा लालसर तांदूळ काढला आणि पुलाव घातला. मटण कुठून आणलं कोण जाणे, सकाळी पायी गावात जाऊन आला होता. वास सगळ्या मैदानात पसरला. दोन पोलिश ड्रायव्हर ताटल्या घेऊनच आले. एसेनबेक त्यांना वाढत होता आणि हसत होता, पहिल्यांदाच एवढा मोकळा.

मी सीटवर बसून फॉर्म उघडला. विचार करत होतो असं नाही. विचार सकाळीच झाला होता. तो राहिला तर आज नाही उद्या कुठल्यातरी थांब्यावर, कुठल्यातरी किर्गीझ भावापाशी बोलणार. बोलला नाही तरी मला रोज वाटत राहणार की आज बोलेल. आणि ऑफिसात गेलो की त्याचं ते तोंड बघावं लागणार. हे मला नको होतं, एवढंच.

‘सांगितलेलं लक्षात ठेवतो का?’ असा प्रश्न होता. मी लिहिलं: नाही. ‘धोका दिसल्यावर सोबतच्याला सांगतो का?’ मी लिहिलं: नाही. शेवटच्या चौकोनात लिहिलं: गाडी देण्यास अयोग्य. पाठवलं.

तेवढ्यात त्यानं काचेवर टकटक केली. पुलावाचं ताट, वर मटणाचा सगळ्यात मोठा तुकडा. त्यांच्याकडे तो मानाच्या माणसाला देतात.

“खा बाइके. फॉर्म झाला?”

“झाला.”

“चांगला?”

“चांगला.”

मी ते सगळं ताट खाल्लं. चव चांगली होती, घास घशाखाली उतरला नाही वगैरे काही झालं नाही. उलट पुलाव दुसऱ्यांदा मागून घेतला.

रविवारी सकाळी दहाला कंपनीची मिनीबस आली. आमच्या ड्रायव्हरांना घरी नेते-आणते ती. त्याला नेण्याचा निरोप झिविलेनं थेट त्याच्याच फोनवर पाठवला होता: काम संपलं, सामान घेऊन ये, विमानाचं तिकीट शौल्यायला मिळेल. त्यानं तो निरोप मला वाचून दाखवला, एकेक शब्द, जणू मला वाचता येत नाही. मग बिछाना गुंडाळला, शेगडी घासून पेटीत ठेवली. गाडीची काच आतून पुसली. मी म्हटलं राहू दे, तरी पुसली.

बसजवळ त्यानं पुन्हा दोन्ही हातांनी माझा हात धरला.

“बाइके, तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात. त्यांनी ऐकलं नाही, तुमचा काय दोष.”

मी बसच्या दाराकडे बघितलं.

“आता घाट,” तो म्हणाला. “अजून बर्फ असेल तिथे. गुलसाराला काय सांगू ते कळत नाही. भाकरीचं सोडा, तिच्या डोळ्यांकडे कसं बघू?” मग जरा जवळ आला, आवाज खाली आणला. बसवाला हॉर्न वाजवत होता. “एक विचारू? दोन रात्री झोप नाही मला. फाटकातच मला दिसलं होतं, दांडी वर आहे ते. तुमचा नियम होता म्हणून मी गप्प बसलो. पण नियम काय, माणसानं ओरडायला पाहिजे ना? तुमच्या एवढ्या वर्षांच्या नावाला माझ्यामुळे बट्टा लागला असता. खरं सांगा बाइके. मी ओरडायला हवं होतं ना?”

हा माणूस माझीच माफी मागत होता. मला शरम वाटली, चांगलीच वाटली, कानशिलं तापली. ‘नाही’ म्हणायला एक क्षण पुरला असता. नुसतं ‘नाही रे बाबा’ म्हणालो असतो तरी तो त्या घाटात जरा हलक्या मनानं चढला असता. पण ‘नाही’ म्हटलं की मग चूक कोणाची, हे त्यानं विचारलं असतं.

“हो,” मी म्हटलं. “ओरडायला हवं होतंस.”

त्यानं मान डोलावली. दोन-तीनदा डोलावली. “हां,” म्हणाला, “तेच. गुलसाराला हेच सांगेन. चूक माझी होती.”

तो चढून मागच्या सीटवर बसला. दार नीट लागत नव्हतं, म्हणून मी बाहेरून जोर लावून लावून दिलं.